वेलकम लिहायला गेलो आणि…

दोन वर्षांपूर्वी मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं की नवीन लोकांसाठी ट्रेनिंगचे व्हिडिओ कोण करेल, मी नेमका तेव्हा फोन बघत होतो, त्यामुळे काम माझ्या गळ्यात पडलं. एडिटिंगचं सॉफ्टवेअर ऑफिसकडे होतंच, एकदम प्रोफेशनल, सिनेमावाले वापरतात तसलं. नाव सांगत नाही, अजून त्याच्याशीच गाठ आहे.

उघडलं. चार खिडक्या, प्रत्येकीला सहा टॅब, आणि बटणं इतकी बारीक की चष्मा पुसून आलो. मला हवं होतं काय, तर क्लिपच्या सुरुवातीचं साहेबांचं खाकरणं उडवायचं होतं, तीन सेकंदांचं. मेन्यूत ‘कट’ दिसला, दाबला, तर खाकरण्यासकट साहेबच गायब! नंतर कळलं की तिथे कट म्हणजे अख्खी क्लिप उचलून नेणं, आणि कापायचं असेल तर रेझर नावाचं वेगळं हत्यार घ्यायचं. बरोबरच आहे म्हणा, पण हे आधी सांगणार कोण?

खरी गंमत पुढे. व्हिडिओवर इंग्रजीत ‘वेलकम’ लिहायचं होतं. मी आपला चित्रावर क्लिक केलं आणि टाइप करत सुटलो. अशा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक अक्षर म्हणजे शॉर्टकट असतो हे मला काय माहीत! डब्ल्यूने रेषेच्या पुढचा क्लिपचा सगळा भाग छाटून टाकला, एलने व्हिडिओ पळायला लागला, सीने हातात रेझर दिला, ओने शेवटाची खूण ठोकली, एमने एक मार्कर रोवला, आणि दोन ई मिळून काय करून गेले ते मला आजतागायत समजलेलं नाही. स्क्रीनवर अक्षर एकही नाही. म्हणून मी परत एकदा, जरा जोरात, वेलकम लिहिलं.

त्या रात्री मी नेटवर समदुःखी शोधत बसलो आणि ढीगभर सापडले. प्रोग्रामर लोकांचा विम नावाचा, कोड लिहायचा एडिटर आहे, १९९१पासूनचा, त्यातही अक्षरं म्हणजे हुकूम, आणि ‘यातून बाहेर कसं पडायचं’ हा स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरचा प्रश्न २०१७पर्यंत दहा लाखांहून जास्त वेळा बघितला गेला होता. वापरायचं कसं हे नाही हो, बाहेर कसं पडायचं! मला जरा बरं वाटलं. आणि एक वाचलं, १९८४ साली आयबीएममधल्या संशोधकांनी वर्ड प्रोसेसरला सायकलसारखी ट्रेनिंगची चाकं लावून बघितली होती, म्हणजे अवघड कमांड दिसायच्या पण दाबल्या तर चालायच्या नाहीत, आणि नवशिके त्यावर चक्क लवकर शिकले, कारण भलत्या जागी अडकून वेळ जात नव्हता. मी तेव्हाच फीडबॅकच्या चौकटीत खरमरीत निबंध लिहून पाठवला की हे सॉफ्टवेअर माणसांसाठी आहे का ऑक्टोपससाठी, आणि चाकं कुठायत?

उत्तर आलं नाही. मग काय करता, शिकलो. आठ महिने गेले. आधी शॉर्टकटची चिठ्ठी स्क्रीनला चिकटवली होती, मग ती पडली आणि पडल्याचं कळलंसुद्धा नाही. जे काम करायला दुपार जायची ते वीस मिनिटांत व्हायला लागलं, माऊसला हात लावायचा नाही, डावा हात आपला आपण चालतोय, मागून जाणारे लोक थांबून बघतायत. मी मुद्दाम थोडं आणखी जोरात बटणं वाजवायचो, खोटं कशाला बोलू.

आणि तेव्हाच अपडेट आलं. ‘आता आणखी सोपं!’

मोठमोठी गोल बटणं, रंगीत. निम्मे मेन्यू तीन टिंबांच्या मागे. माझे शॉर्टकट बदललेले. रेझरचं नाव ‘स्प्लिट’ झालेलं, म्हणजे मला जे सुरुवातीला हवं होतं अगदी तेच त्यांनी दिलं होतं, आणि माझं डोकं असं सणकलं की विचारू नका. पुन्हा तीच फीडबॅकची चौकट, पुन्हा निबंध: हे सॉफ्टवेअर कामाच्या माणसांसाठी आहे का बालवाडीसाठी? माझं वय तेवढंच, मॉनिटर तोच, फक्त मधे आठ महिने गेलेले.

यात मी एकटा नाही हं. ॲपलने २०११मध्ये फायनल कट प्रो टेन हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर काढलं, सोपं, चकाचक, पण त्यात जुने प्रोजेक्ट उघडेनात, मल्टिकॅम म्हणजे अनेक कॅमेऱ्यांचं शूटिंग एकत्र एडिट करायची सोय नाही, तेव्हा व्यावसायिक एडिटर इतके चिडले की त्याला ‘आयमूव्ही प्रो’ म्हणायला लागले, आयमूव्ही म्हणजे ॲपलचंच घरगुती व्हिडिओंचं सॉफ्टवेअर. तिथे निदान कारण तरी होतं. फोटोशॉपचं बघा. सगळ्या जगात कंट्रोल झेड दाबत राहिलं की माणूस मागे मागे जातो, तिथे मात्र दुसऱ्यांदा दाबलं की केलेलं परत यायचं. २०१८मध्ये त्यांनी ते जगासारखं केलं, आणि सोबत जुनी पद्धत परत आणायचा पर्यायही ठेवला. ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये तर कितीतरी वर्षं वस्तू निवडायला उजवं क्लिक होतं, ते २०१९मध्ये डावं झालं, आणि तिथेही उजव्याचा पर्याय ठेवावाच लागला. ठेवणाऱ्यांना माझ्यासारखी माणसं माहीत असणार.

बरं, मधला मार्ग काढावा म्हटलं तर मायक्रोसॉफ्टने ऑफिस २०००मध्ये तोही काढून बघितला होता. तुम्ही जे वापरत नाही ते मेन्यूतून लपवायचं, वापरलं की दाखवायचं. ऐकायला काय छान! प्रत्यक्षात काल इथे असलेली गोष्ट आज खाली सरकलेली, म्हणजे नवशिक्याला सापडेना आणि जुन्याला आठवेना, दोघांची एकदमच सोय.

असो. गेल्या महिन्यात एक मुलगी जॉइन झाली, व्हिडिओचं काम आता तिच्याकडे. माझ्या मशीनवर मी जुनंच व्हर्जन परत टाकून घेतलेलं, तिच्याकडे नवीन. मी शेजारी खुर्ची घेऊन बसलो, अनुभवी माणूस म्हणून. तिने चित्रावर क्लिक केलं आणि सरळ वेलकम टाइप करायला घेतलं. ‘अगं थांब थांब!’ मी ओरडलो. पण डब्ल्यू दाबून झाला होता. छोटीशी चौकट आली: तुम्हाला मजकूर लिहायचाय का? ती म्हणाली हो, आणि अक्षरं मधोमध जाऊन बसली, सावलीसकट.

‘झालं सर,’ ती म्हणाली आणि जेवायला गेली.

मी इकडेतिकडे बघितलं आणि तिच्या मशीनवर बसलो. कुठेतरी ‘क्लासिक शॉर्टकट’ असा पर्याय असतो, तो नुसता चालू करायचा होता, शिस्त म्हणून. तीन टिंबं उघडली, त्यात आणखी तीन टिंबं. ती जेवून परत आली तरी मी सेटिंग्जच शोधत होतो.

‘काही हवंय का सर? कुठेय ते दाखवू?’

‘छे छे,’ म्हटलं, ‘सगळं नीट आहे ना, बघत होतो.’