खुलासा : उरलेल्या रंगात थिनर ओतायचा का?

‘उरलेल्या कुठल्याही रंगावर वाटीभर थिनर ओता, डबा माळ्यावर टाका, रंग वर्षानुवर्षं टिकतो’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो अर्धाच खरा आहे.

दारं-खिडक्या, ग्रिलच्या ऑइल पेंटवर साय धरू नये म्हणून पेंटर थोडं टर्पेंटाइन (रंग पातळ करायचं एक थिनर) सोडतात, ते बरोबर. पण भिंतीचं डिस्टेंपर किंवा प्लास्टिक पेंट पाण्यातलं. त्यात थिनर मिसळत नाही. रंग फाटतो, शिवाय निरुपद्रवी डबा पेट घेण्याजोगा होतो. माळा गॅसच्या शेगडीवर असेल तर विचारायलाच नको.

खरं काम झाकणाचं. काठावरचा रंग पुसा, झाकणावर फळी ठेवून हातोडीने हळू ठोका. रंग तळाशीच उरला असेल तर लहान डब्यात काढा, म्हणजे हवा कमी राहते. पाण्याच्या बाटलीत मात्र कधीच नको, घरातलं पोर तोंडाला लावेल. डब्यावर शेड नंबर आणि तारीख लिहा.

आंबूस वास मारणारा प्लास्टिक पेंट गेलाच समजा. आणि नोव्हेंबर २०१७च्या आधीचा डबा सापडला तर वापरू नका : रंगातल्या शिशावरची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा तेव्हापासूनची आहे.