‘नळीतली घाण’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला होणाऱ्या न्यूमोनियाच्या, म्हणजे व्हीएपीच्या निदानावर मी लिहिलं होतं. त्यावर आपली प्रतिक्रिया: “ईटी सिक्रिशनचं कल्चर म्हणजे नळीतल्या घाणीचं कल्चर. ब्रॉन्कोस्कोपी न करता त्यावर कोलिस्टिन सुरू करणारे हेच रेझिस्टन्सचं मूळ, आणि असले लेख त्यांना बळ देतात.” (ईटी सिक्रिशन म्हणजे श्वासनलिकेतल्या नळीतून ओढलेला कफ; कल्चर म्हणजे त्यातले जंतू वाढवून पाहणं; ब्रॉन्कोस्कोपी म्हणजे दुर्बीण घालून श्वासनलिका तपासणं; कोलिस्टिन हे शेवटचा उपाय म्हणून राखलेलं अँटिबायोटिक; रेझिस्टन्स म्हणजे जंतूंनी औषधाला दाद न देणं.)

आधी माझी चूक. प्रोटेक्टेड ब्रशच्या, म्हणजे दुर्बिणीतून आवरणातला ब्रश घालून घेतलेल्या नमुन्याची मर्यादा मिलीलिटरला जंतूंच्या १ हजार वसाहती आहे; त्याच्या वर संसर्ग धरायचा. तक्त्यात मी १० हजार लिहिलं, ती बॅलची, म्हणजे दुर्बिणीतून फुप्फुसात सलाईन सोडून परत ओढलेल्या नमुन्याची मर्यादा. दुरुस्त केलं आहे, आभार.

पण ‘असले लेख’ हा काय शब्द झाला? नुसतं कल्चर पॉझिटिव्ह आलं म्हणून अँटिबायोटिक देऊ नका, हे वाक्य त्या लेखात दोनदा आहे. चौदा वर्षं आयसीयूत काढल्यावर कॉलनायझेशन (जंतू नुसते वस्तीला असणं, संसर्ग नसणं) म्हणजे काय हे मला इतक्या चढ्या सुरात शिकवायची गरज नव्हती.

आता त्या घाणीबद्दल. नळी घालून ४८ तास उलटले आहेत, एक्सरेत नवी किंवा वाढती सावली आहे, आणि ताप, पांढऱ्या पेशी १२ हजारांवर किंवा ४ हजारांखाली, पुवासारखा कफ यांपैकी दोन गोष्टी आहेत, तरच नमुना पाठवायचा. आयसीयूतला पोर्टेबल एक्सरे फसवतो हे खरंच. फुप्फुसाचा भाग दबला, पाणी साठलं किंवा एआरडीएस (दोन्ही फुप्फुसांना सूज येऊन ऑक्सिजन घटणं) असला, तरी सावली तशीच दिसते. म्हणूनच ठरलेल्या वारी सगळ्यांचे ईटी कल्चर पाठवायची पद्धत मला मान्य नाही. काढलेल्या नळीचं टोक कल्चरला पाठवणं तर निव्वळ वाया.

नमुना बिघडतो तो घेताना. कालपासून लावलेल्या बंद सक्शनच्या कॅथेटरवर जंतूंचा थर असतो, त्यातून आलेला कफ नको. नवा निर्जंतुक कॅथेटर आणि म्यूकस ट्रॅप (कफ जमा होणारी निर्जंतुक डबी) घ्या. आधी १०० टक्के ऑक्सिजन द्या. सक्शन बंद ठेवून अडेपर्यंत आत जा, सेंटीमीटरभर मागे या, मगच ओढा, तेही १५ सेकंदांच्या आत. नळीत सलाईन ओतू नका, वसाहतींचा आकडा पातळ होतो. नमुना नव्या अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी घ्यायचा. २ तासांत लॅबला पोचणार नसेल तर ४ अंशांवर ठेवा. रात्री २ वाजता घेतलेला ट्रॅप सकाळपर्यंत ट्रॉलीवर पडून राहिला, तर त्यात जे वाढतं ते ट्रॉलीवरच वाढलेलं असतं.

लॅबमध्ये आधी ग्रॅम स्टेन, म्हणजे नमुना रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. लो पॉवरच्या एका क्षेत्रात १० पेक्षा जास्त स्क्वामस पेशी (तोंड-घशाच्या अस्तरातल्या चपट्या पेशी) दिसल्या तर ती घशातली लाळ. नमुना परत मागवा. पू-पेशी २५ च्या वर हव्यात. गेल्या ७२ तासांत अँटिबायोटिक बदललेलं नसताना ग्रॅम स्टेनमध्ये जंतूच नसतील, तर व्हीएपीची शक्यता फार कमी. आणि मिलीलिटरला १ लाख वसाहतींची मर्यादा लावून वाचलं तर या ‘घाणी’तून बरंच कळतं.

ब्रॉन्कोस्कोपीला माझा विरोध नाही. पण एफआयओटू (दिलेल्या हवेतला ऑक्सिजन) ८० टक्के, पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) १४ आणि ७ नंबरची अरुंद नळी असलेल्या, म्हणजे आधीच नाजूक रुग्णात स्कोप घालून १०० मिलीहून जास्त सलाईन सोडायचं, तर हात धजावत नाही. २००६ च्या कॅनडाच्या अभ्यासात ७४० रुग्ण होते. बॅल आणि साधं ईटी सिक्रिशन या दोन गटांत २८ दिवसांच्या मृत्युदरात फरक निघाला नाही. अमेरिकेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनाही आधी साधा नमुनाच सुचवतात. कॅनडाच्या त्या अभ्यासातून स्यूडोमोनास आणि एमआरएसए हे औषधांना सहज दाद न देणारे जंतू आधीच असलेले रुग्ण वगळले होते, यावर आपण बोट ठेवलंत. ठीक आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

प्रोकॅल्सिटोनिन ही रक्ततपासणी अँटिबायोटिक थांबवताना उपयोगी, सुरू करताना नाही. लंग अल्ट्रासाउंड चांगलंच, पण इथे तो विषय नव्हता.

कोलिस्टिनचा वारेमाप वापर मलाही छळतो. तो थांबतो तिसऱ्या दिवशी, कल्चर निगेटिव्ह आणि रुग्ण सुधारलेला असताना औषध बंद करण्याची हिंमत असेल तर. पुन्हा लिहिणार असाल तर एवढं जरूर कळवा: आपल्या युनिटमध्ये नमुना किती वाजता घेतला जातो आणि पहिला डोस किती वाजता जातो?