‘नेक्स्ट’ दाबून डॉक्टर होतात म्हणे!

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. हल्लीचे शिकाऊ डॉक्टर सक्तीचे ऑनलाइन कोर्स म्यूट करून लावून ठेवतात, ‘नेक्स्ट’ दाबत सर्टिफिकेट काढतात आणि त्या जोरावर आपल्या माणसांवर उपचार करतात; विंचूदंशावरच्या उपचारासाठी नावाजलेले महाडचे बावस्कर डॉक्टर काय ऑनलाइन शिकले होते? बंद करा हे सगळं! मी मेडिसिनच्या रेसिडेंटना, म्हणजे एमबीबीएसनंतर पीजी करणाऱ्या डॉक्टरांना शिकवते, म्हणून उत्तर देते.

‘म्यूट करून लावतात.’ लावतात की. पण काय म्यूट करतात तेही बघा. आग लागली तर काय करावं याच्या दरवर्षी त्याच स्लाइड, तेच प्रश्न, उत्तरं आदल्या बॅचकडून आलेली. तिथे मीही म्यूटच करीन. सर्पदंशाचं वेगळं. फुरसं चावलेला माणूस रात्री कॅज्युअल्टीत येतो, तेव्हा रक्त गोठतंय का हे 20 मिनिटांच्या चाचणीवरून ठरवायचं असतं. काचेची, स्वच्छ, कोरडी टेस्ट ट्यूब. शिरेतलं 2 मिली ताजं रक्त. 20 मिनिटं तिला हात लावायचा नाही, मग एकदाच कलती करायची. ट्यूब प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल, तर गोठणारं रक्तही पातळ दिसतं आणि गरज नसलेल्याला एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन जातं. हा भाग मुलं रिवाइंड करकरून बघतात, तेही कुणी न सांगता.

‘सर्टिफिकेटवर उपचार करतात.’ नाही. डिग्रीला थिअरी, प्रॅक्टिकल आणि व्हायवा आहेत, पीजीला थिसिसही आहे. ऑनलाइन कोर्स ही त्यावरची जादा अट. शिवाय सगळे कोर्स नुसत्या क्लिकवर सुटत नाहीत. पीजीला सक्तीचा असलेला संशोधनपद्धतीचा कोर्स आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, चेन्नईची साथरोग संस्था चालवते. त्यात असाइनमेंट असतात आणि शेवटी केंद्रावर जाऊन देखरेखीखाली परीक्षा द्यावी लागते. त्यासाठी ड्यूट्यांची अदलाबदल करताना मुलांची कोण तारांबळ उडते!

आता बावस्कर. ऑनलाइन कोर्स हिणवायला मेसेजवाल्याने नेमकं हेच नाव काढावं, याची गंमत वाटते. विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध चालतं हे त्यांनी नुसतं अनुभवाच्या जोरावर सांगितलं नाही. रुग्णांच्या नोंदी ठेवल्या आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापल्या. पुढे 2011 मध्ये ‘बीएमजे’ या तशाच नियतकालिकात त्यांची महाडची चाचणी आली. एका गटाला नुसतं प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिनसोबत प्रतिविष; कोण कुठल्या गटात, हे डॉक्टरच्या मर्जीवर नाही. प्रतिविष मिळालेले लवकर सावरले. म्हणजे ज्या उपचाराने नाव झालं, तोच त्यांनी पुन्हा तपासायला काढला. गट कसे पाडायचे, किती रुग्ण घ्यायचे, संमती कशी घ्यायची, हेच तर त्या संशोधनाच्या कोर्समध्ये शिकवतात.

मेसेजचा सूर असा, की ही पोरं आळशी. सलग ड्यूटी सहसा 12 तासांपलीकडे नको आणि आठवड्याचे तास 48, असं केंद्राने 1992 मध्येच लिहून ठेवलंय. पाळतं कोण? पोस्ट-ड्यूटी मुलगी अंघोळसुद्धा न करता लॅपटॉप उघडते, कारण डेडलाइन आज रात्री 12 ची. बाहेर आषाढातला पाऊस, लाइट जाते, नेट जातं आणि मॉड्यूल परत पहिल्या स्लाइडवर. यात आळस कुणाचा? रोस्टरमध्ये ओपीडी लिहितात तसा मॉड्यूलचा तास लिहा, मग जाब विचारा.

राहिलं ‘बंद करा’. गोचिडीतून पसरणारा माकडताप 2016 पासून सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात आहे. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या जेआर-1 ने, म्हणजे पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटने, तो कधी पाहिलेला नसतो. जंगलात जाणं, गोचीड आणि ताप यांची सांगड पहिला पेशंट समोर येण्याआधी त्याच्या डोक्यात बसायला हवी, म्हणून तिकडच्या पोस्टिंगआधी अर्ध्या तासाचं मॉड्यूल मी सक्तीचंच ठेवीन. आगीचं मात्र खुशाल बंद करा आणि त्याऐवजी मुलांना मैदानात नेऊन लाल सिलिंडर एकदा हातात द्या.