"आमच्यात असलं काही नसतं"

आज दुपारी आमच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या तीन महिन्यांची पुस्तके ठरवायची होती. मी नाना दार्कोआ सेचियामा या घानाच्या लेखिकेचे 'द सेक्स लाइव्ह्ज ऑफ आफ्रिकन विमेन' सुचवले. लेखिका क्वीअर आहे, म्हणजे प्रेमाच्या बाबतीत बाई-पुरुष या ठरलेल्या चौकटीत न बसणारी, स्त्रीवादी आहे आणि पुस्तकात बायका आपल्या शरीरसुखाबद्दल बोलतात, हेही आधीच सांगून टाकले. कट्ट्याची वही सांभाळणाऱ्या ताईंनी पेन खाली ठेवले आणि अगदी मायेने म्हणाल्या, "अगं, असेल चांगलं. पण आमच्यात असलं काही नसतं, मग वाचून करायचं काय?" कोणी हसले नाही, कोणी विरोधही केला नाही. वहीत दुसऱ्याच पुस्तकाचे नाव चढले, चहा आला आणि मी घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाही. आता रात्रीचे साडेदहा वाजले आहेत आणि मला गप्प बसवत नाही.

कारण हे वाक्य मी याआधी ऐकलेले आहे. १९९३ साली मी बारावीला होते आणि एका तालुक्याच्या गावी मुलींच्या होस्टेलात राहत होते. खोलीत आम्ही तिघी होतो. माझी खाट खिडकीशी होती, आणि त्या दोघींनी आपल्या खाटा दिवाळीनंतर जोडून घेतल्या होत्या. संध्याकाळी एक खाली सतरंजीवर बसायची आणि दुसरी खाटेवर बसून तिच्या केसांना तेल लावायची. इतक्या सावकाश, की मला अभ्यास सोडून तिकडे पाहावेसे वाटायचे. रात्री दोघींवर एकच सोलापुरी चादर असायची. मला त्यात वावगे वाटले नव्हते, खरे तर मला त्यांचा थोडा हेवाच वाटायचा. पुढे कोणीतरी रेक्टरबाईंच्या कानावर घातले, बाईंनी मला बोलावून "तू काय पाहिलंस?" असे विचारले आणि मी सांगितले. जे पाहिले तेवढेच सांगितले, हे मी पुढची कित्येक वर्षे स्वतःला समजावत राहिले.

सेचियामा यांच्याकडे मी वळले ती या जुन्या ठसठशीमुळेच, म्हणून त्यांच्याविषयी नीट सांगते. त्यांच्या नावातला 'नाना' आपल्याकडच्या नानांसारखा फक्त पुरुषांचा नाही. घानातल्या अकान लोकांत तो मानाचा शब्द आहे आणि बाईलाही तितकाच लागतो. त्या घानाच्या राजधानीत, अक्रात वाढल्या, शिक्षणासाठी ब्रिटनमध्ये राहिल्या आणि पुन्हा अक्राला येऊन बायकांच्या हक्कांसाठी चालणाऱ्या संस्थांमध्ये काम करू लागल्या. २००९ साली त्यांनी मलाका ग्रँट या मैत्रिणीबरोबर 'अ‍ॅडव्हेंचर्स फ्रॉम द बेडरूम्स ऑफ आफ्रिकन विमेन' नावाचा ब्लॉग सुरू केला. २००९ साली, अक्रासारख्या देवभोळ्या शहरात, स्वतःच्या खऱ्या नावाने! तिथे आफ्रिकी बायका येऊन लिहू लागल्या: नवऱ्याविषयी, नको असलेल्या स्पर्शाविषयी, हव्या असलेल्या स्पर्शाविषयी, दुसऱ्या बाईवर जडलेल्या जिवाविषयी. आफ्रिकेतल्या बायकांच्या शरीराविषयी तोवर मिशनऱ्यांनी लिहिले होते, डॉक्टरांनी लिहिले होते, एड्सचे अहवाल लिहिणाऱ्यांनी लिहिले होते. त्या बायकांना स्वतःला काय आवडते, हे विचारायचे मात्र राहूनच गेले होते.

२०२१ साली आलेले पुस्तक याच कामातून वाढलेले आहे. आफ्रिका खंडातल्या आणि खंडाबाहेर पांगलेल्या तीसहून अधिक बायकांशी लेखिका बोलल्या आणि प्रत्येकीची हकिकत तिच्याच तोंडून, 'मी' म्हणत, मांडली. सवतीबरोबर संसार करणारी त्यात आहे, ट्रान्स स्त्री आहे, पुरुषसंग सोडून दिलेली आहे, लहानपणी घरातल्याच माणसाने ओरबाडलेली आहे आणि बाईवर प्रेम करणारीही आहे. आत्मशोध, स्वातंत्र्य आणि जखमा भरून येणे असे त्याचे तीन भाग आहेत. मला सर्वांत भावले ते हे, की एवढ्या बायकांना बोलते केल्यावर शेवटी लेखिका स्वतःचीही गोष्ट सांगतात, मोडलेल्या लग्नासकट. दुसऱ्यांची गुपिते मांडायची आणि आपण मात्र पदर सावरून बाजूला बसायचे, हे त्यांनी केले नाही.

पुस्तक इंग्रजीत आहे आणि घानातल्या बाजारात टोमॅटो विकणाऱ्या बाईपर्यंत ते पोचणार नाही, असे कोणी म्हणेल, तर ते खरे आहे. पण म्हणून ते लिहूच नये, असे होत नाही.

आता "आमच्यात नसतं" या वाक्याकडे येते, कारण घानात हे वाक्य कायदा होऊ पाहते आहे. पुस्तक आले त्याच २०२१ साली, फेब्रुवारीत, अक्रातले समलिंगी आणि ट्रान्स माणसांसाठीचे एक कार्यालय उघडल्यापासून महिन्याच्या आत बंद पाडले गेले. मे महिन्यात हो नावाच्या शहरात, हक्कांविषयीच्या प्रशिक्षणाला जमलेल्या २१ जणांना पोलिसांनी पकडले; तीन आठवड्यांहून अधिक काळ ती माणसे कोठडीत होती आणि पुढे खटलाच उभा राहू शकला नाही. त्याच वर्षी 'घानाची कौटुंबिक मूल्ये' जपण्याच्या नावाखाली एक विधेयक आले आणि २८ फेब्रुवारी २०२४ रोजी संसदेने ते मंजूर केले. स्वतःला समलिंगी म्हणवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत आणि अशा माणसांचा गट स्थापणाऱ्याला किंवा त्याला पैसे देणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद, असे त्यात होते. राष्ट्राध्यक्षांची सही झाली नाही, संसदेची मुदत संपली, विधेयक बारगळले; आणि २०२५ मध्ये ते पुन्हा मांडले गेले.

तीन वर्षे कशासाठी, ते नीट पाहा. 'मी अशी आहे' एवढे म्हणण्यासाठी. शरीरसंबंधाला शिक्षा करणारे कलम तिथे आधीपासून आहेच, आणि ते घानाच्या कुठल्या आजीने सांगितलेले नाही. ते इंग्रजांनी १८९२ साली गोल्ड कोस्टच्या फौजदारी कायद्यात घातले, जसे आपल्याकडे त्याआधीच समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ घातले होते. आपले ३७७ सुटायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला. इंग्रजांची भाषा कायद्यात तशीच ठेवायची, तिला आपली संस्कृती म्हणायचे आणि ज्या बायका खरोखर इथल्याच मातीत वाढल्या, त्यांना पाश्चात्त्यांच्या नादी लागलेल्या ठरवायचे, या ढोंगाची मला चीड येते. मोठमोठी माणसे हे छातीवर हात ठेवून बोलतात, याची तर फारच चीड येते.

घानाच्या मुलींच्या बोर्डिंग शाळांत 'सुपी' असा एक शब्द आहे. मोठ्या वर्गातली मुलगी धाकटीला आपली सुपी करते. चिठ्ठ्या, खाऊ, भेटवस्तू यांची देवाणघेवाण होते, कधी अंथरूणही एक होते. तो शब्द कोणा गोऱ्याने शिकवलेला नाही, शाळाशाळांतून मुलींनीच तो चालवला आहे. घानाच्याच अमा अटा आयडू यांच्या १९७७ सालच्या 'अवर सिस्टर किलजॉय'मध्ये नायिकेला अशाच शाळेतल्या, एका अंथरुणात सापडलेल्या मुली आणि त्यांच्यावर ओरडणाऱ्या गोऱ्या मुख्याध्यापिका आठवतात. ते पान मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले होते. मला ती चादर आठवली होती.

त्या दोघींचे पुढे काय झाले, तेही सांगते. दोन दिवसांत दोघींचे वडील आले. एकीला शेजारच्या गावातल्या मामांकडे ठेवून परीक्षेला बसू दिले. दुसरी बसलीच नाही. तिच्या वडिलांनी तिची पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेतली आणि ती त्यांच्या मागून एसटी स्टँडकडे चालत गेली. केस विंचरलेले नव्हते. रेक्टरबाईंनी मला बोलावून होस्टेलचे रजिस्टर पुढे केले. तिच्या नावापुढे निळ्या शाईत लिहिले होते, 'घरगुती कारणास्तव पालक घेऊन गेले'. त्याखाली खोलीतली मुलगी म्हणून माझी सही हवी होती. मी सही केली. रजिस्टर मिटताना बाई म्हणाल्या, "बाहेर बोलायचं नाही. आपल्या होस्टेलात असलं काही नसतं."

म्हणजे नसते कसे, ते मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. ते असते, आपण ते घरी पाठवतो, रजिस्टरात दुसरे कारण लिहितो, खाली एका घाबरलेल्या मुलीची सही घेतो आणि मग तीस वर्षांनी वाचनकट्ट्यावर बसून मायेने म्हणतो, की आमच्यात नसते.

ताईंवरचा राग लिहिता लिहिता थोडा उतरला आहे, हे कबूल करते. कट्ट्यावर कधीकधी मुली आणि नातीही येतात आणि या पुस्तकातली काही प्रकरणे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचण्यासारखी नाहीत, हेही मला मान्य आहे. त्यांनाही कोणीतरी कधीतरी असेच एखादे रजिस्टर पुढे केले असेल. आमच्या पिढीत ते कोणापुढे आले नाही?

सेचियामा यांच्याकडून मी घेतले ते एवढेच, की विचारणाऱ्याने ऐकण्याची तयारी ठेवावी आणि ऐकणाऱ्याने स्वतःचेही सांगावे. रेक्टरबाईंनीही मला विचारले होतेच. पण त्यांचा प्रश्न त्या मुलीला घालवण्यासाठी होता. तिला स्वतःला काय सांगायचे आहे, हे त्या खोलीत कोणीही विचारले नाही, मीसुद्धा नाही, आणि मी तर तिच्यापासून चार फुटांवर झोपत होते.

कट्ट्याच्या वहीत पुस्तकाचे नाव आले नाही, तर नाही. येत्या रविवारी दुपारी चार वाजता माझ्या घरी ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे. ताई, तुम्हीही या, मनापासून बोलावते आहे. पुस्तकाची एकच प्रत आहे, त्यामुळे आळीपाळीने वाचू, आणि ज्यांना इंग्रजी जड जाते त्यांच्यासाठी मी मराठीत सांगत जाईन. लेखिकेने स्वतःची गोष्ट शेवटी ठेवली आहे. मला माझी आधी सांगावी लागेल, त्या सहीसकट, आणि मग पुस्तक उघडू.