पहिल्या अध्यायाचे आजीव सभासद

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, गुडघ्यांचे एक्स-रे काढून झाले, सोसायटीच्या पुनर्विकासावरून ज्यांच्याशी भांडायचं त्या सगळ्यांशी भांडून झालं, आणि आता तुम्हाला अध्यात्माची ओढ लागली आहे. चांगली गोष्ट आहे. घरी एकट्यानं बसून ग्रंथ वाचायला तुम्हाला कोणी अडवलेलं नाही, पण त्यात एक मोठा धोका असतो. तो वाचून संपतो. म्हणून अभ्यास मंडळ काढा. मुलुंडला काढा, पार्ल्याला काढा, दादरला काढलंत तर बाहेरगावचे पाहुणेही कौतुकानं ऐकतील.

ग्रंथाची निवड मात्र विचारपूर्वक करा. हरिपाठ अजिबात नको. तिसाच्या आत अभंग, दोन रविवारांत आटोपेल, आणि तिसऱ्या रविवारी एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसावं लागेल. दासबोध जाडजूड दिसतो म्हणून फसू नका. २० दशकं, प्रत्येकात १० समास, असा समर्थांचा चोख कारभार. आठवड्याला एक समास घेतला तरी चार वर्षांच्या आत ग्रंथ हातावेगळा होतो. शिवाय दुसरं दशक सुरू होतं मूर्खलक्षणांनी आणि संपतं पढतमूर्खाच्या लक्षणांनी. त्या अडीच महिन्यांत सभासद एकमेकांकडे ज्या नजरेनं बघायला लागतात, ती मंडळाच्या प्रकृतीला मानवत नाही.

तेव्हा ज्ञानेश्वरीच घ्या. ओव्या नऊ हजारांच्या वर. आठवड्याला तीन ओव्या या हिशेबानं ५८ वर्षं लागतात, म्हणजे आज तुम्ही बासष्टचे असाल तर पसायदान एकशेविसाव्या वर्षी. एकटा पहिला अध्याय २७५ ओव्यांचा. तो पावणेदोन वर्षं पुरतो, आणि मंडळ सहसा त्याच्या आतच फुटतं. ही सोय केवढी मोठी आहे ते नीट समजून घ्या. पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाचा. सैन्यं उभी आहेत, शंख वाजले आहेत, अर्जुनाला घाम फुटला आहे, धनुष्य खाली पडलं आहे. कृष्णाचा खरा उपदेश सुरू होतो दुसऱ्या अध्यायाच्या अकराव्या श्लोकापासून. तिथवर तुम्ही पोचणारच नाही. उपदेश कानावर पडला की तसं वागायचं की नाही हा प्रश्न येतो. अर्जुन रथात बसून आहे तोवर तुम्हीही निवांत बसू शकता.

कोणती प्रत घ्यायची हे चुकूनही ठरवून देऊ नका. प्रत्येकानं घरातली आणावी. एकाकडे आजोबांची, पानं पिवळी पडलेली, दुसऱ्याकडे दादरहून परवा आणलेली सार्थ, तिसऱ्याकडे मोबाइलमध्ये. ओव्यांचे क्रमांक जुळत नाहीत, शब्दही कुठे कुठे जुळत नाहीत. पाठ बिघडले म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली होती. ते काम तुमच्या मंडळात पुन्हा पहिल्यापासून हाती घेतलं जाईल आणि एकनाथांकडून काय काय राहून गेलं ते बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ सांगतील.

याच गृहस्थांना मार्गदर्शक नेमा. गुरू म्हणू नका, त्यांना संकोच वाटतो. मार्गदर्शक म्हटलं की वाटत नाही. परीक्षा सोपी आहे. पहिल्या ओवीच्या सुरुवातीच्या ‘ॐ’वर जो माणूस घड्याळाकडे न बघता चाळीस मिनिटं बोलेल, तो योग्य. परंपरा सांगते की ज्ञानेश्वरांनी हे सगळं पंधराव्या वर्षी सांगितलं. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. पंधरा वर्षांच्या मुलाला नेमकं काय म्हणायचं होतं हे त्याच्यापेक्षा चौपट वयाचा माणूसच सांगू शकतो, आणि सांगताना ‘त्याचं काय आहे’ असं सुरू करून थेट आपल्या बदल्यांच्या हकिगतींत शिरू शकतो. त्यांच्यासमोर एक विज्ञानवाला सभासदही असू द्या. प्रत्येक ओवीनंतर त्यानं ‘क्वांटममध्ये हेच आहे’ असं म्हणायचं. पुढे काही म्हणायचं नाही. विचारलं तर नासाचं नाव घ्यायचं.

वार रविवारच ठेवा. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक रविवारी असतो, त्यामुळे उशिराचं कारण कोणाला शोधावं लागत नाही. वेळ संध्याकाळी सातची. न्यू जर्सीतल्या एखाद्याच्या मुलाला ऑनलाइन बसता येतं. उन्हाळ्यात तिकडे सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. ‘बाबा, आवाज येत नाहीये’ आणि ‘तू म्यूटवर आहेस’ यांत पहिली वीस मिनिटं सत्कारणी लागतात. मे महिन्यात सगळे गावाला, गणपतीत सगळे सोसायटीच्या मांडवात, मध्येच एखादा भारत-पाकिस्तान सामना. उरलेल्या रविवारांत जे वाचून होतं तो अभ्यास.

या बाबतीत काही लोकांनी फार वाईट पायंडे पाडून ठेवले आहेत, त्यांच्यापासून सावध राहा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली. दर रविवारी एक अध्याय. २१ फेब्रुवारीला सुरुवात, १९ जूनला शेवट, अठरा रविवारांत अठरा अध्याय, एकही खाडा नाही. साने गुरुजी समोर बसून लिहून घेत होते, म्हणून ती आज पुस्तकात आहेत. आता कोणी हे उदाहरण तुमच्या तोंडावर फेकलं तर शांतपणे सांगा की तुरुंगाची गोष्ट वेगळी. तिथे सभासदांना लग्नाला जायचं नसतं, पार्किंगवरून कोणी मध्येच उठवत नाही, आणि मुख्य म्हणजे चर्चेनंतर खिचडी नसते.

खिचडीचं सांगायलाच हवं, कारण मंडळ तिच्यावर चालतं. पहिल्या रविवारी फक्त चहा ठेवा. दुसऱ्या रविवारी कोणीतरी ‘चहाबरोबर काहीतरी’ म्हणेल. एकादशी आली की साबुदाण्याची खिचडी येते आणि एकदा आली की द्वादशीलाही जात नाही. मग पाळी लागते. पाळी लागली की स्पर्धा लागते. एका घरी कोथिंबीर वडी झाली म्हणून पुढच्या घरी पुरणपोळी, आणि तिसऱ्या घरच्या वहिनी ‘यावेळी आमच्याकडे नको, पाहुणे आहेत’ असा फोन करतात. बैठकीच्या खोलीत पुरुषमंडळी निष्काम कर्मावर बोलत असतात. निष्काम कर्म आत गॅसपाशी चाललेलं असतं. खरं तर कर्मयोग तिसऱ्या अध्यायात, त्यामुळे बाहेरच्या मंडळींना त्याची ओळख नसणं समजण्यासारखं आहे.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पहिल्याच दिवशी काढा. ग्रंथ मिळायला वेळ लागला तर चालेल. ग्रुपच्या नावात ‘माऊली’ असावं आणि ॲडमिन निदान चार. पहाटे सुप्रभात, दुपारी मधुमेहावर जांभळाच्या बिया, रात्री खाली विवेकानंदांचं नाव टाकलेला, विवेकानंदांनी कधीच न लिहिलेला मजकूर. मधूनच कोणी एखादी ओवी अर्थासकट टाकली तर सतरा जण हात जोडतात आणि एकही जण वाचत नाही. ‘फक्त ग्रंथाविषयी लिहावे’ अशी सूचना आठवड्यातून एकदा द्या. त्या सूचनेवर जो वाद होतो त्यानं ग्रुप जिवंत राहतो.

आपल्या शहरात पूर्वी हे सगळं किती अडाणीपणानं चालायचं ते पाहा. १८४९ मध्ये दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत परमहंस सभा काढली. मंडळ लहान, बैठका गुप्त, एक ईश्वर मानायचा आणि जात मोडायची असा बेत. नव्या सभासदाला सर्वांदेखत पाव खावा लागे, कारण पाव खाल्ला की बाटला अशी तेव्हाची समजूत. म्हणजे ज्यांच्या बैठकीतला खाऊसुद्धा अंगाशी येऊ शकत होता, असे ते लोक. पुढे १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीला गेली, नावं बाहेर फुटणार म्हणून घबराट उडाली आणि सभा मोडली. तुमच्या मंडळात तशी भीती नाही. तुमची यादी, फोटो आणि वाढदिवसासकट, अख्ख्या विंगकडे आहे आणि तिच्यात लपवण्यासारखं कोणी काही केलेलं नाही. त्या सभेतले काही लोक मात्र स्वस्थ बसले नाहीत. सात वर्षांनी, १८६७ मध्ये, दादोबांचे धाकटे बंधू आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकारानं प्रार्थना समाज उभा राहिला, यावेळी उघडपणे. गिरगावात त्या नावाचा बसस्टॉप आहे. मंडळी तिथे उतरतात आणि खरेदीला जातात.

आता फुटण्याकडे वळू. मंडळ फुटलं नाही तर ते मंडळ नव्हे, नुसती बैठक. कारण तात्त्विक असावं: द्वैत की अद्वैत, किंवा क्लब हाऊसचा एसी कोणी बंद केला. दुसरा गट बी विंगमध्ये स्वतंत्र मंडळ काढेल आणि तोही पहिल्या अध्यायापासून सुरू करेल. तेव्हा घाईनं नोंदणी करून टाका. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात सभासद लागतात. सातव्यासाठी सुनेची सही घ्या. धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय वरळीला, डॉ. अ‍ॅनी बेझंट रोडवर आहे. या बाई थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्ष होत्या. ती सोसायटी १८७९ पासून जवळजवळ चार वर्षं मुंबईत मुक्काम करून मग मद्रासकडे अड्यारला गेली. अध्यात्माची मंडळं फुटण्याचा त्या सोसायटीला बराच अनुभव होता, त्यामुळे पत्ता अगदी योग्य पडला आहे. नोंदणी झाली की घटना, पदाधिकारी, वार्षिक सभा, हिशेब तपासनीस. ग्रंथाचा विषय त्यानंतर आपोआप ‘इतर विषय, अध्यक्षांच्या परवानगीने’ या कलमात जातो.

इतकं सगळं जमवून आणल्यावरही एक संकट येऊ शकतं. मंडळात एखादी व्यक्ती वाचलेली निघते. बहुधा ज्यांच्या खिचडीची सगळे वाट बघतात, त्या वहिनीच. मुलुंडहून सीएसएमटीला नोकरीला जात होत्या, तेव्हा लेडीज डब्यात, बसायला मिळालं तर बसून आणि नाही तर दांडीला लटकून, रोज दहा-पंधरा ओव्या करत त्यांनी अठराही अध्याय उरकलेले असतात. दोनदा. हे त्या कोणाला सांगत नाहीत. एखाद्या रविवारी मार्गदर्शक ‘ज्ञानाची लक्षणं’ या विषयावर हवेत हात फिरवत असतात आणि वहिनी चहाचा ट्रे ठेवता ठेवता म्हणतात, ‘ते तेराव्यात आहे ना? अहिंसेवरच किती ओव्या आहेत तिथे! पाऊल टाकतानासुद्धा खालच्या जिवाला जपायचं म्हणतात.’ खोलीत शांतता पसरते. न्यू जर्सीचा आवाज नेमका तेव्हाच स्पष्ट येतो.

घाबरू नका. त्यांना बोलावून पुढे बसवण्याची चूक मात्र करू नका; आज तेरावा अध्याय, उद्या त्या विचारतील की मग पार्किंगवरून वॉचमनला परवा कोण ओरडलं. त्यांना खजिनदार करा. वर्गणीची वही, साबुदाण्याची बिलं, क्लब हाऊसच्या भाड्याच्या पावत्या आणि गेल्या वर्षीचा न जुळणारा हिशेब त्यांच्या हवाली करा. त्याच बैठकीत एक ठरावही करून घ्या की ज्यांचं वाचन पुढे गेलं असेल त्यांनी इतरांसाठी पहिल्या अध्यायावर थांबावं. सूचक आणि अनुमोदक लगेच मिळतील. वहिनींचं मत विचारावं लागणार नाही. मतदानाच्या वेळी त्या दूध उतू जातंय म्हणून आत गेलेल्या असतील.