मुका उखाणा

आमच्या लग्नाच्या व्हीसीडी तीन. लग्न फार लांबलं होतं अशातला भाग नाही. एका चकतीत जेमतेम ७४ मिनिटं मावायची आणि त्यातली बरीचशी शूटिंगवाल्याने रुखवताच्या टेबलावर खर्च केली होती. साल २००१. यंदा पंचवीस वर्षं झाली म्हणून बायकोने फर्मान काढलं, "रविवारी सगळे जमतायत. टीव्हीवर लावा. माझा उखाणा ऐकू दे सगळ्यांना."

त्या उखाण्यावरून आमचा जुना वाद आहे. तिच्या मते तिने चार ओळींचा उखाणा एका दमात घेतला. माझ्या मते ती दुसऱ्या ओळीला अडकली आणि तिच्या मावशीने मागून पुरवठा केला.

लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नसते, हे मला शुक्रवारी संध्याकाळी कळलं. आमच्या गिरगावातून लॅमिंग्टन रोड जवळच. तिथून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. चकती घातली. गणपती, गिरक्या घेणारी आमची दोघांची नावं, मागे सनई. आवाज आहे, चला! समाधानाने बंद केली. दहा सेकंदच ऐकलं, ही चूक मला पुढे महागात पडली.

फुकटातला कन्व्हर्टर उतरवला, तासभर पंखा घरघरवून फाइल एमपी-फोर केली, पेनड्राइव्ह टीव्हीला खोचला. चित्र आलं. ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं ते चित्र मोठ्या पडद्यावर ताणलं की अख्खं वऱ्हाड साबुदाण्याचं दिसतं, पण ते असो. आवाज मात्र नाही.

चाळीत आजारी माणसाला आणि बिघडलेल्या टीव्हीला वैद्य कमी पडत नाहीत. शेजारचे काका म्हणाले, "म्यूट असेल." सासरे म्हणाले, "जावईबापू, आवाज वाढवा." वाढवला. शंभरावर नेला. तेवढ्यात कुणाचा तरी अंगठा रिमोटवर पडला, बातम्या लागल्या आणि निवेदकाने एवढ्या जोरात 'मोठी बातमी' दिली की काकांच्या बशीतला चहा काकांच्या सदऱ्यावर. म्हणजे टीव्हीचा घसा ठणठणीत होता. दुखणं फाइलचं.

मग इंजिनियरिंगचा भाचा आला. "मामा, एमपी-फोर हे डब्याचं नाव आहे, भाजीचं नाही." डब्यात चित्राचा एक कप्पा, आवाजाचा वेगळा. माझ्या कन्व्हर्टरने चित्र नव्याने शिजवलं आणि व्हीसीडीचा तो जुना एमपी-टू आवाज जसाच्या तसा नव्या डब्यात भरला. आमच्या टीव्हीला तो पचत नाही. "मग लॅपटॉपवर कसा वाजतो?" कारण तिथे व्हीएलसी नावाचं व्हिडिओ लावायचं सॉफ्टवेअर आहे, ते आवाज उलगडणारे आपले डिकोडर घरूनच घेऊन येतं. त्याचं चिन्ह रस्त्यावरचा नारिंगी शंकू. मुंबईकराने शंकू बघितला की पुढे खोदकाम आहे असं समजून तो मागे फिरतो, त्यामुळे मी ते इतकी वर्षं आपणहून उघडायचंच टाळलं होतं.

भाच्याने एफएफएमपेग नावाची, आज्ञा टाइप करून फाइली बदलायची काळी खिडकी उघडून दिली आणि क्लासला गेला. मी शोधून एक आज्ञा टाकली, शेवटी 'एएन' हा पर्याय. मला वाटलं, ऑडिओ नक्की. पुन्हा तास गेला, पुन्हा मौनव्रत. ते 'एएन' आवाज काढून टाकण्यासाठीच असतं. एवढ्या आज्ञाधारकपणे माझं या घरात कुणी ऐकलेलं नाही.

खरा उपाय एका ओळीचा निघाला: तयार एमपी-फोर घ्यायची, चित्र नुसतं कॉपी, आवाज तेवढा एएसी या टीव्हीला पचणाऱ्या प्रकारात बदलायचा. चित्राला हात लावायचा नसल्याने मिनिटभरात काम झालं. याच गिरगावात फाळक्यांचा मूकपट १९१३ साली कॉरोनेशनला लागला आणि पडदा बोलायला, तो मॅजेस्टिकला, १९३१ उजाडलं. अठरा वर्षं. मी शुक्रवार ते रविवारात उरकलं.

रविवारी खोली गच्च. सनई वाजली, टाळ्या पडल्या. भटजींनी तोंड उघडलं, सनई. मामाने मुलीला आणलं, सनई. अक्षता पडल्या तेव्हा 'सावधान' झालं हे कळलं. शूटिंगवाल्याने मूळ आवाज पुसून तिन्ही चकत्यांना एकच सनई लावली होती, संपली की पहिल्यापासून.

उखाणा आला. बायकोचे ओठ हलले, थांबले, मागून मावशी वाकली.

"बघ! अडकलीस!"

"अहो, पदर सावरत होते. मावशी पिन देत होती."

मावशी आता ऐंशीच्या पुढे. तिला विचारलं तर म्हणाली, "जिलबी छान होती हो."

भाचा म्हणाला, "मामा, कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट असेल तर त्यात खरा आवाज मिळेल."

कॅसेट आहे. पोटमाळ्यावर, पितळी घंगाळाच्या मागे. कालच पाहिली. अजून कुणाला सांगितलेलं नाही, कारण माझाही उखाणा त्यातच आहे.