तुमच्या 383 स्ट्रोकरच्या तक्रारीबद्दल

नमस्कार. दोन तारे देऊन तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात: चांगला ब्लॉक आम्ही ग्राइंडरने खरवडला, बोअर (सिलिंडरचा व्यास) साठ थाऊ, म्हणजे इंचाचे साठ हजारांश, वाढवायला सांगूनही तीसच वाढवला आणि इंजिन चढावर नॉकिंग करतं, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण अवेळी पेटून ठोके येतात. तिसरी तक्रार खरी आहे, आणि चूक माझी आहे. म्हणून आधी तीच.

तुमच्या शेवरोले 350 इंजिनचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) वाढवून 383 घनइंचाचा स्ट्रोकर करायचा होता. काम ठरलं तेव्हा त्यावर 76 सीसी चेंबरची (मिश्रण पेटतं त्या पोकळीची) हेड, म्हणजे सिलिंडरवरची झाकणं, होती. 4.030 इंच बोअर, 3.75 इंच स्ट्रोक आणि सपाट पिस्टन धरून कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) सव्वानऊच्या आसपास येत होतं. साध्या पेट्रोलला ते झेपतं. मधेच तुम्ही 64 सीसीची हेड आणून दिलीत. आम्ही ती बसवली, पण हिशेब पुन्हा मांडला नाही. त्याच पिस्टनवर आकडा 10.4 च्या घरात गेला, तोही बिडाच्या हेडवर. जुन्या 3.48 च्या स्ट्रोकला हीच हेड पावणेदहाच्या आसपास राहिली असती. स्ट्रोक वाढला की जास्त मिश्रण तेवढ्याच चेंबरमध्ये कोंबलं जातं, हे मी इतरांना सांगत असतो आणि तुमच्या वेळी स्वतःच विसरलो.

जाड गॅस्केटने भागेल असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. पिस्टन डेकच्या (ब्लॉकच्या वरच्या सपाटीच्या) 25 थाऊ खाली थांबतो, वर गॅस्केट 40 थाऊची. ही फट आणखी वाढवली तर मिश्रण नीट घुसळत नाही आणि नॉकिंग तसंच राहू शकतं. आम्ही डिशचे, म्हणजे माथ्यावर खोलगट, पिस्टन घालू; चेंबरची जागा वाढून कॉम्प्रेशन उतरेल. त्यांचं वजन वेगळं, म्हणून क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) पुन्हा बॅलन्स करावा लागेल. सुटे भाग आणि मजुरी, सगळा खर्च आमचा. तोवर टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) दोन-तीन अंश मागे घ्या आणि चढावर वरच्या गिअरमध्ये रेटू नका.

ग्राइंडरच्या खुणांबद्दल मात्र माघार नाही. या क्रँकचा फेर मूळच्यापेक्षा प्रत्येक बाजूला 3.4 मिमी मोठा आहे. त्यामुळे रॉडचे (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्यांचे) बोल्ट सिलिंडरच्या खालच्या कडेला आणि खालचा तेलाचा डबा बसतो त्या पट्टीला घासतात. तिथे 60 थाऊ, म्हणजे दीड मिमी मोकळीक ठेवायलाच हवी. व्हॉल्व्ह उघडणारी कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते, म्हणून क्रँक हाताने पूर्ण दोन वेळा फिरवून आठही रॉड कॅमपाशी तपासले. उशीर झाला तो बराचसा यातच. या खुणा दिसणार, हे ब्लॉक हातात देताना सांगायला हवं होतं, एवढं मान्य.

राहिला बोअर. साठ केला असता तर जेमतेम 94 सीसी जास्त मिळाले असते. याउलट स्ट्रोकने एकट्याने साडेचारशे सीसी दिले. त्या 94 साठी भिंती पातळ करायच्या, इंजिन तापवायचं आणि पुढच्या बोअरिंगची वाट बंद करायची? तीसच ठेवा असं मीच मशिनिस्टला सांगितलं. तुम्हाला फोन करून मग ठरवायला हवं होतं, तो केला नाही.

इंजिन उतरवून आणायची घाई नको. पिस्टन आले की मीच कळवतो.